मुलुंडच्या चौकातले दोन तास

श्री. वसंतराव साळवी यांची आणि माझी पहिली भेट अंधेरीला, हमरस्त्याच्या कडेला, एका पत्र्याच्या स्टुलापाशी झाली. स्टूल माझे होते. वाहतूक पाहणी कार्यालयात मी नुकताच रोजंदारीवर गणक म्हणून लागलो होतो. गणक म्हणजे रस्त्याकडेला बसून जाणारी-येणारी वाहने मोजणारा माणूस. कामाचा तिसरा दिवस होता आणि मे महिना होता. पांढऱ्या बुशशर्टातले, छत्री घेतलेले एक सडपातळ गृहस्थ माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. ते बसची वाट पाहत असावेत असे मला वाटले. तासाभराने त्यांनी खिशातून एक कागद काढला आणि माझ्या तक्त्याशेजारी धरला. तेवढ्या वेळात त्यांनीही मोजणी केली होती.

"तुमचे सायकलवाले कुठे गेले?" त्यांनी विचारले.

"सायकली कोण मोजतं?" मी म्हणालो. समोर कोण आहे हे मला ठाऊक नव्हते.

"आणि हातगाड्या?"

"त्या तर रस्ता अडवतात."

"अडवतात म्हणजे रस्त्यावर आहेत ना? मग कागदावर पण पाहिजेत."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मला उठवून ते स्वतः स्टुलावर बसले. नजर गाड्यांवर नाही, रस्त्यावरच्या एका ठरावीक जागेवर कशी ठेवायची, चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरकी कशी ओढायची, हे त्यांनी मला दाखवले. जाताना छत्री माझ्याजवळच ठेवली आणि उन्हात बसथांब्याकडे चालू लागले. ते आमचे पाहणी अधिकारी साळवीसाहेब होते, हे मला दुसऱ्या दिवशी कचेरीत कळले. दहावीनंतर शाळेला रामराम ठोकून मी घाटकोपरच्या दोन गॅरेजांत आणि एका छापखान्यात उमेदवारी केली होती. माझे काम मला नीट शिकवावे असे तोवर कुणालाही वाटले नव्हते.

बऱ्याच वर्षांपूर्वीची ही गोष्ट. उपनगरे तेव्हा झपाट्याने भरत होती. रस्ता किती चालतो हे ठरवायची कचेरीची रीत एकच होती: गाड्या किती गेल्या आणि किती वेगाने गेल्या. साहेबांना ते अपुरे वाटे. खचाखच भरलेली बस आणि एकटा माणूस बसलेली मोटार यांची कागदावर सारखीच एकेक रेघ कशी, असे ते बैठकीत विचारत. वरिष्ठ हसत. मग साहेबांनी आम्हा चार-पाच जणांना हाताशी धरून स्वतःची पाहणी सुरू केली. आम्ही मुलुंडहून अंधेरीला, बोरिवलीहून घाटकोपरला बसने जायचो. हातात स्टॉपवॉच असे. थांब्यावर उभे राहण्यात किती वेळ गेला, बस जागच्या जागी किती वेळ उभी राहिली, का उभी राहिली आणि प्रत्यक्ष किती वेळ धावली, हे सगळे वेगवेगळ्या रकान्यांत लिहायचे. "वेग गाडीचा असतो, उशीर माणसाला होतो," असे ते सांगत. आज हे रकाने आमच्या कचेरीच्या छापील तक्त्यातच आहेत. ते कुणी आणले हे नव्या माणसांना ठाऊक नाही, म्हणून इथे नोंदवतो.

त्यांच्या मायेची एक आठवण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मोजणीला मुलीही येत. सहा-सहा तास रस्त्यावर बसायचे तर त्यांनी जायचे कुठे, याचा विचार कचेरीत कुणी केला नव्हता. साहेब पाहणीच्या आदल्या दिवशी प्रत्येक चौकात जाऊन जवळच्या एखाद्या घरात किंवा दवाखान्यात शब्द टाकून येत. घाटकोपरला एका डॉक्टरांच्या कंपाउंडरने त्यांना आत सोडले नाही. साहेबांनी रोग्यांच्या रांगेतला नंबर घेतला, तासभर बाकावर बसले आणि पाळी आल्यावर डॉक्टरांना म्हणाले, "आजार काही नाही. विनंती आहे." डॉक्टर इतके ओशाळले की पुढे तीन दिवस आम्हा सगळ्यांना चहासुद्धा तिथूनच आला.

अशा माणसाशी मी खोटे बोललो. साहेबांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात हे लिहावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पण ते वगळून साहेबांविषयी काही लिहिणे मला शक्य नाही.

मुलुंडला आग्रा रोडवरच्या एका चौकात नवा सिग्नल बसायचा होता. रस्ता ओलांडणाऱ्यांना किती सेकंद द्यायचे, हे पायी चालणाऱ्यांच्या मोजणीवर ठरणार होते. माणसे कमी असल्यामुळे ही मोजणी एकाच दिवसाची होती आणि ती माझ्याकडे होती. नेमका त्याच दिवशी दुपारी कुर्ल्याला मुलगी पाहायचा कार्यक्रम ठरला. मी सुटी मागितली असती तर साहेबांनी दिली असती, उलट स्वतः येऊन स्टुलावर बसले असते. पण मी नुकताच कायम व्हायच्या यादीत आलो होतो. आता सुटी मागितली तर कसे दिसेल, असे मला वाटले. वाहने मोजणारे सहकारी पलीकडच्या अंगाला होते. बारा वाजता मी तक्ता पिशवीत टाकला आणि कुर्ल्याची लोकल पकडली. दोननंतर परतलो. आधीच्या तासात जितके लोक गेले होते, साधारण तितक्याच रेघा त्या दोन तासांसाठी ओढून टाकल्या.

चौकापासून हाकेच्या अंतरावर मुलींची शाळा होती. सकाळची शाळा सुटायची आणि दुपारची भरायची, ती नेमकी याच दोन तासांत. हे मला माहीत नव्हते. तिथे बसलो असतो तर दिसले असते.

सिग्नल बसला. पायी चालणाऱ्यांना द्यायचा वेळ मोजणीनुसार ठरला, म्हणजे तोकडा. माझे लग्न झाले. साहेब कुर्ल्याच्या मांडवात वेळेआधी हजर होते. बुद्धवंदनेच्या वेळी ते सगळ्यांबरोबर हात जोडून उभे राहिले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "तुमचा मुलगा कामाला चोख आहे." वडिलांनी ते पुढे गावभर सांगितले.

दोनेक महिन्यांनी तो अपघात झाला. शाळेच्या शिपाई लक्ष्मीबाई रोज मुलींची रांग धरून रस्ता ओलांडून देत. त्या दुपारी रांग अर्ध्यात असतानाच दिवा बदलला. ट्रक सुटला. लक्ष्मीबाईंनी मुलींना पुढे ढकलले. मुली वाचल्या. लक्ष्मीबाईंचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला आणि तो पुन्हा सरळ झाला नाही.

साहेबांनी फाइल मागवली. मग मला बोलावले.

"कांबळे, त्या दिवशी दुपारी तुम्ही चौकातच होतात ना?"

"होतो, साहेब."

त्यांनी फाइलमधला तक्ता एकदा पाहिला. "ठीक आहे," म्हणाले आणि फाइल बंद केली.

पुढचे चार दिवस ते रजेवर होते. स्वतःच्या हक्काच्या रजेचे ते चार दिवस त्यांनी मुलुंडच्या त्या चौकात उभे राहून काढले. पाचव्या दिवशी त्यांनी वरिष्ठांना पत्र दिले: आमच्या मोजणीतला दुपारचा आकडा चुकीचा आहे, तक्त्यावर सही माझी आहे, तेव्हा जबाबदारीही माझी आहे, ओलांडण्याचा वेळ ताबडतोब वाढवावा. वेळ वाढला. पण ते पत्रही फाइलला लागले. मुख्य पाहणी अधिकाऱ्याची जागा त्या वर्षी रिकामी होणार होती आणि ती साहेबांनाच मिळणार हे सगळी कचेरी धरून चालली होती. ती दुसऱ्या कुणाला मिळाली. "दुसऱ्यांना मोजायला शिकवणारे स्वतःच चुकले," असे कँटीनमध्ये हसत बोलले जाई. मी तिथे बसलेला असे. त्याच वर्षी मी कायम झालो.

निवृत्तीपर्यंत साहेब त्याच खुर्चीवर राहिले. मला त्यांनी कधीही वेगळे वागवले नाही. मला पहिली बढती मिळाली तेव्हा शिफारस त्यांचीच होती. आज खरे सांगून टाकतो, असे रोज वाटायचे. सकाळी ठरवायचे आणि संध्याकाळी तसेच घरी जायचे, यात वर्षे गेली.

या ग्रंथासाठी लेख लिहायचे निमंत्रण आले तेव्हा मी कागद घेऊन बसलो आणि सायकलवाल्यांच्या किश्श्यापुढे पेन सरेना. शेवटी बायकोला, सुजाताला, सगळे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या घरी पोहे खात होतास, तेव्हा?"

"हो."

"आणि आता त्यांच्यावर छान छान लिहिणार तू? आधी त्यांच्याकडे जा. लिहायचं नंतर बघ."

मी बोरिवलीला साहेबांच्या घरी गेलो. ते गॅलरीत वर्तमानपत्र वाचत होते. उभ्या उभ्याच मी सांगून टाकले. त्यांनी चष्मा काढला.

"बस," म्हणाले. कचेरीत शिपायालाही 'तुम्ही' म्हणणाऱ्या साहेबांनी मला पहिल्यांदाच एकेरी संबोधले होते. "मला माहीत होतं रे."

"अपघातानंतर?"

"नाही. सही करतानाच. माणूस खरं मोजतो तेव्हा हात थकतो, रेघा वाकड्या होतात, गर्दी आली की एकमेकींवर चढतात. तुझ्या त्या दोन तासांच्या रेघा अगदी सरळ होत्या. बघताक्षणी शंका आली. पण तुझ्या लग्नाचं जमतंय असं कानावर आलं होतं. म्हटलं, पोरगा कायम व्हायचाय, आत्ता कशाला विचारायचं. एक दुपार परत मोजायला लावली असती तर काय बिघडलं असतं? मी सही केली."

मी तेव्हा कुठे खाली बसलो.

"लोकांना वाटतं, मी दुसऱ्याची चूक अंगावर घेतली. तुलाही तसंच वाटत असेल. तसं नाही ते. पत्रात लिहिलं ते खरंच होतं. तू दोन तास नव्हतास. मी तर समोर कागद धरून बसलो होतो."

इतकी वर्षे मी त्यांच्या मोठेपणाखाली दबून होतो. त्या दिवशी कळले, की तेही तितकीच वर्षे खंत करत होते आणि ती त्यांना एकट्यानेच सोसावी लागली. मी पहिल्याच दिवशी खरे बोललो असतो तर निदान दोघांनी मिळून सोसली असती. त्यांची बढती गेली, याहीपेक्षा मला आता हे जास्त लागते.

मी हे छापायची परवानगी मागितली. "छाप," ते म्हणाले, "पण लक्ष्मीबाईंनी ते पुस्तकात वाचायला नको. आधी जाऊन सांग." तेव्हाच कळले की साहेब दर महिन्याला त्यांच्याकडे जातात.

मुलुंडच्या चाळीत लक्ष्मीबाई दाराशी पाय पसरून तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी कोण हे सांगितले, मग उरलेलेही सांगितले.

"म्हणजे तेवा तू थंय नाय होतस?" त्यांनी मालवणीत विचारले. "खय गेललस?"

"मुलगी बघायला."

"पसंत पडली?"

"हो. दोन मुलं आहेत."

त्यांनी ताटातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग म्हणाल्या, "साहेब येतत, माफी मागतत. माका वाटायचा, ह्यो माणूस कित्याक माफी मागता? आता कळला." ताट त्यांनी बाजूला सारले. "तेवाच इलो असतस तर दोन गाळी घालून मोकळी झाली असतंय. आता राग पण येना नाय. चाय पी आनि जा."

मी चहा प्यायलो आणि निघालो. क्षमा केली असे त्या म्हणाल्या नाहीत आणि ती मागण्याचा हक्क मला उरला नव्हता.

साळवीसाहेबांना आता साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसे आज अंधेरीपासून मुलुंडपर्यंत चौकाचौकांत काम करत आहेत, आणि ती सायकलवाला, हातगाडीवाला, रस्ता ओलांडणारी मुलगी, सगळ्यांना मोजतात. साहेबांना निरोगी, निवांत आणि भरपूर आयुष्य लाभो. सकाळचे फिरणे सुटू नये, डोळे साथ देत राहोत, घर माणसांनी भरलेले असो. आणि यापुढे त्यांच्याजवळ येणाऱ्या प्रत्येकाने त्यांना खरे ते वेळेवर सांगावे. माझ्या हातून तेवढेच राहून गेले.