कॅप्टनकाकांनी निवडलेली दुर्बीण

१९५४च्या जानेवारीत पलामूच्या जंगलात माझा थोरला भाऊ वसंत याने झाडलेली गोळी बिबट्याच्या छातीऐवजी पोटात लागली. जखमी बिबट्याने जनावर उठवायला आलेल्या मंगरा नावाच्या हाकेवाल्याचा उजवा हात फाडला. बिबट्याला नंतर कॅप्टनकाकांनी मारले. दादाने वापरलेली रायफल त्याची स्वतःची होती. तिच्यावरची दुर्बीण काकांनी निवडली होती.

काका नात्याने आमचे कोणी नव्हते. वडिलांचे ते कलकत्त्यातले पहिले मित्र. फोर्ट विल्यममधल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते बालीगंजला राहत. त्यांच्या उजव्या भुवईवर चंद्रकोरीच्या आकाराचा व्रण होता. तरुणपणी डोळ्याच्या फार जवळ बसवलेली दुर्बीण गोळी सुटताच मागे आली आणि भुवई फुटली. नवा माणूस भेटला की ते व्रणावर बोट ठेवून सांगत, "ही माझी पदवी. डोळा आणि काच यांत चार बोटं अंतर ठेवा, नाहीतर तुम्हालाही मिळेल."

वडील गेल्यावर आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा असे. दादाने सर्जन व्हावे हे त्यांनीच ठरवले. "वहिनी, याचे हात बघा," ते आईला म्हणाले होते. "काठोकाठ भरलेला कप आणतो आणि बशीत थेंब नाही."

धर्मतल्ल्याच्या बंदुकीच्या दुकानात ते दिवेलागणीलाच जात. दुकानदार चॅटर्जीबाबू गिऱ्हाइकाला दुर्बीण रस्त्याच्या दिशेने धरून बघायला सांगत. काका वळून ती जिन्याखालच्या काळोखाकडे धरत. "रस्त्यावर बघून कुठलीही काच चांगलीच वाटते, बाबू. जनावर काही ट्राममध्ये बसून येत नाही."

चॅटर्जीबाबू हसत आणि काउंटरवरचा दिवाही मालवत.

दादाला आठ पट मोठे दाखवणारी दुर्बीण हवी होती. काकांनी ती त्याच्या हातून काढून घेतली.

"बिबट्याच्या मिशा मोजायच्यात का तुला?"

"लांबचं स्पष्ट दिसेल ना, काका."

"सालाच्या झाडीत लांबचं दिसतंच कुठे? पन्नास-साठ पावलांवर जनावर उभं राहणार. या नळीतून नुसते केस दिसतील. खांदा की पाठ, ते कळेपर्यंत ते घरी जाऊन झोपेल. अडीच पट पुष्कळ झाली."

नेम धरायची काचेतली बारीक तारांची फुलीही त्यांनी नाकारली. संधिप्रकाशात तारा दिसत नाहीत, म्हणून खालून वर येणारी जाड खुंटी असलेली दुर्बीण घ्यायला लावली. नेम जुळवायला फिरवायच्या चकत्यांवर घट्ट झाकणे हवीत, कारण शिकारीला गेलेला प्रत्येक पाहुणा त्या फिरवून बघतो, असे त्यांचे म्हणणे होते. विकत घेतलेली दुर्बीण आधी त्यांच्या गॅलरीत बादलीभर कोमट पाण्यात बुडवली गेली. बुडबुडा आला तर पावसाळ्यात आत वाफ धरणार. काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "त्या नळीला अंघोळ घालायला माझीच बादली सापडते का?" बुडबुडा आला नाही. काकांनी काकूंना बोलावून तो न आलेला बुडबुडा दाखवला.

एका बाबतीत मात्र ते थट्टा करत नसत. रायफल पडली किंवा आपटली, तर कागदावर गोळी झाडून बघितल्याशिवाय ती जंगलात न्यायची नाही. "पडली तर पडली म्हणायचं. लाज कसली? पडलेली दुर्बीण वरून शहाण्यासारखी दिसते, म्हणून तर ती वाईट." हे त्यांनी आम्हा दोघांना इतक्यांदा ऐकवले होते की दादा त्यांची नक्कल करत असे.

पलामूच्या डाकबंगल्यावर त्या संध्याकाळी रेंजरने विचारले, दुर्बिणीत काही दोष होता का? काकांनी रायफल खांद्याला लावून एकदा पाहिले. "दुर्बीण ठीक आहे. मी स्वतः बसवली आहे. पोराचा हात थरथरला." दादा तिथेच मंगराच्या रक्ताने भरलेले हात धूत होता. जखम त्यानेच बांधली होती. मंगराचा हात वाचला, पण त्याची बोटे पुन्हा मिटली नाहीत.

कलकत्त्याच्या मराठी मंडळात ही हकिगत आमच्या आधी पोहोचली. कॅरम खेळताना कोणीतरी म्हणाले, "वसंतराव, स्ट्रायकर जपून. आम्हालाही हातपाय आहेत." सगळे हसले. काका तिथेच बसले होते. मार्चमध्ये दादाने शस्त्रक्रिया करणे सोडले आणि आपल्याच रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाची खुर्ची मागून घेतली. थरथरणाऱ्या हातात सुरी धरायची नाही, एवढेच त्याने आईला सांगितले. आईने काकांना समजूत घालायला बोलावले. काका आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "त्याच्या मनाविरुद्ध कशाला जायचं, वहिनी?"

रायफल विकण्याचे काम माझ्याकडे आले. चॅटर्जीबाबूंनी ती विकत घेण्यापूर्वी चाचणीसाठी पाठवली. मी पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी कागद समोर ठेवला. साठ पावलांवर गोळ्या नेमाच्या वीतभर डावीकडे आणि खाली गेल्या होत्या. दुर्बीण रायफलला धरून ठेवणारी पुढची कडी वाकलेली होती.

"ही पडलेली आहे, मोशाय," ते म्हणाले. "दादांनी सांगितलं नाही?"

दादाला माहीतच नव्हते. रायफल त्याच्याव्यतिरिक्त एकाच माणसाच्या, काकांच्या, हाती गेली होती. मी आमच्या जीपचा ड्रायव्हर हरिपद याला बेहाला भागातल्या त्याच्या घरी गाठले. त्याने सांगितले, शिकारीच्या सकाळी बाकीचे चहा घेत असताना काकांनी धूळ पुसायला रायफल बाहेर काढली. ती जीपच्या बॉनेटवरून घसरून दगडी पायरीवर आपटली. काकांनी दुर्बिणीतून पाहिले, रायफल पुसली आणि परत ठेवली. "साहब बोले, कुछ नहीं हुआ, किसी को बोलना मत."

मी काकांना गॅलरीत गाठून विचारले. ते चष्मा पुसू लागले.

"ड्रायव्हरचं काय ऐकतोस, श्रीधर?"

"कडी वाकली आहे, काका."

"त्या क्षणी सांगितलं असतं तर शिकार रद्द झाली असती. मला वाटलं, काही झालेलं नाही."

"आणि नंतर?"

"वसंता अजून तरुण आहे. त्याचं लोक विसरतील. माझ्याकडे लोक दुसरं काय विचारायला येतात रे?"

मी हे दादाला सांगितले. कागद आणि कडी त्याच्यापुढे ठेवली. तो त्याच दिवशी एकटाच बालीगंजला गेला. परत आल्यावर बूट काढता काढता म्हणाला, "काका म्हणाले, पडली नव्हती."

"माझ्यापाशी ते..."

"माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले. कडी नंतर वाकली असेल. विषय संपला, श्री."

काकांकडे मी जाणे सोडले. दादा दर रविवारी जात राहिला. १९५७मध्ये काका-काकू कायमचे पुण्याला जायला निघाले, तेव्हा त्यांचे सामान बांधायला तोच होता. आईच्या सांगण्यावरून मी हावडा स्टेशनवर गेलो. दादाने ट्रंका बाकाखाली सरकवल्या, सुरई खिडकीशी ठेवली आणि वाकून काकांच्या पाया पडला. काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"वसंता, त्या गोष्टीचं ओझं बाळगू नकोस. मी कधीच मनात ठेवलं नाही."

"हो काका," दादा म्हणाला.

गाडी वेळेवर सुटली.