पाळीवरचे तुटलेले कॉल

नऊ वर्षं झाली, मी गाडीत बसून रेंज मोजतो. हे माझं काम आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "मग आमच्या घरी काहून येत नाही?" सिहोऱ्याच्या बाजारात विचारतात, पवनीला सासुरवाडीत विचारतात, मयतीला गेलो तरी कोणीतरी खिशातून फोन काढून त्यातल्या रेंजच्या दोन काड्या दाखवतो. पूर्वी चिडायचो. आता नुसता कंटाळा येतो. मी म्हणतो, बघतो, आणि चहाचा कप उचलतो.

काम तसं सांगायला सोपं आहे. गाडीच्या पुढच्या काचेपाशी चार फोन चिकटवायचे, मांडीवर लॅपटॉप घ्यायचा आणि ड्रायव्हर नेईल त्या रस्त्यानं दिवसभर फिरायचं. फोन आपोआप कॉल लावतात, तोडतात, पुन्हा लावतात. कुठे सिग्नल किती आहे, कुठे आवाज फाटला, एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाताना कुठे कॉल तुटला, हे सगळं नकाशावर हिरव्या, पिवळ्या, लाल ठिपक्यांनी उमटत जातं. मग ते बघून टॉवरवरच्या अँटेनाचं तोंड थोडं फिरवायचं, थोडं वर-खाली करायचं, ताकद कमी-जास्त करायची, शेजारच्या टॉवरची नावं यादीत नीट भरायची. सिग्नल फार लांब गेला तर दुसऱ्याच्या हद्दीत गोंधळ घालतो, जवळच राहिला तर दोन टॉवरच्या मधे खड्डा पडतो. मूळ शास्त्र एवढंच. बाकी सगळं पाठदुखी.

आमच्या जिल्ह्यात त्यात झाडं आणि पाणी येऊन मिळतात. सागाला पानं फुटली की जंगलाकडची रेंज घटते, उन्हाळ्यात पानं गळली की वाढते. मोठा तलाव असला की पाण्यावरून सिग्नल सरळ पलीकडे जातो, कारण मधे अडवायला काहीच नसतं. वरच्या लोकांना हे पटवायला मी दोनदा नकाशे पाठवले होते. दोन्ही वेळा "छान" असं उत्तर आलं.

नाकाडोंगरीच्या पुढे, जंगलाला टेकून, असंच एक तलावाचं गाव आहे. नाव सांगत नाही. तिथे मी पहिल्यांदा गेलो ते दिवाळीनंतरच्या दिवसांत. आमचा टॉवर तिथून बराच लांब, आणि त्याच्या जंगलाकडच्या बाजूचे कॉल फार तुटायचे. रोजच्या आकड्यांत ती एक बाजू महिनोन्‌महिने लाल. नागपूरला बसणारे आमचे साहेब दर सोमवारी मीटिंगमधे विचारायचे, "ते लाल अजून लालच आहे का?" जणू मीच रंगवून ठेवलं होतं. मी तो सगळा रस्ता घासून काढला होता, तिथे काही दोष नव्हता. मग इतके कॉल तुटतात तरी कुणाचे, हे बघायला म्हणून मी डांबरी रस्ता सोडून आत गेलो.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चपलांची रांग लावलेली होती. माणसं खाली पाण्याजवळ बसलेली, आणि वर एक बांबू रोवलेला. बांबूला पाण्याची बाटली अर्धी कापून तारेनं बांधली होती. त्या बाटलीत फोन ठेवला तरच गावात रेंज यायची, हातात घेतला की गेली. त्यामुळे प्रत्येकाला स्पीकर चालू करून बोलावं लागे. एकाचं बोलणं सुरू झालं की खालचे लोक त्याच्याकडे पाठ करून आपसात मुद्दाम मोठ्यानं बोलत, म्हणजे त्याचं घरचं त्यांच्या कानावर पडू नये. चपलांवरून नंबर ठरायचा. कोणाच्या घरी दुखणं असेल तर त्याच्या चपला न विचारता पुढे सरकवत.

आणि कॉल दोन-तीन मिनिटांच्या वर टिकत नव्हता. त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. आधी कामाचं बोलायचं, मग जेवलास का, कशी आहेस. मधेच तुटला की पुन्हा लावायचा आणि उरलेल्या वाक्यापासून पुढे सुरू करायचं. तीनदा लावला की एक बोलणं पुरं होई. टॉवरच्या रोजच्या आकड्यांत त्याचे तीन कॉल आणि दोन तुटलेले असे मांडले जात. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. साहेबांचं लाल म्हणजे ही माणसं होती.

त्या संध्याकाळी रांगेत पहिल्या चपला एका मावशीच्या होत्या. नवरा तलावात मासे धरतो, ती नाकाडोंगरीच्या बाजारात विकते. तिची पोरगी भंडाऱ्याला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती, वसतिगृहात राहायची. पोरीला सिकलसेल, रक्ताचा आजार. थंडी लागली, दगदग झाली की हातपाय असे दुखतात की ती अंथरुणावरून उठत नाही. बाप तिला पाठवायलाच तयार नव्हता.

"म्या भांडून पाठवली," मावशी म्हणाली. "तिचा बाप म्हने, रोज सांजेले पोरीचा आवाज आयकू आला पायजे. ज्या दिवशी येनं बंद होईन, त्या दिवशी मी तिले घरी आनतो. मी म्हटलं, हाव. म्हनून रोज येतो मी इथं."

तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि आम्ही सगळे पाठ करून उभे राहिलो. माझा ड्रायव्हर एरवी कोणाची चेष्टा सोडत नाही, पण तोसुद्धा कुणाला तरी झिंग्यांचा भाव मोठ्यानं विचारायला लागला. निघताना मावशीनं मला पानात बांधून झिंगे दिले आणि म्हणाली, "साहेब, थोडी रेंज वाढवून द्या ना, दोन काड्या."

मी म्हटलं, बघतो.

खरं सांगतो, मी बघितलं. नवा टॉवर द्या असं लिहून पाठवलं. गाव लहान आहे, निकषात बसत नाही, असं उत्तर आलं. ते मला आधीच माहीत होतं. मग जानेवारीत साहेबांचा फोन आला. आवाज गोड होता, म्हणजे गोष्ट बिघडली होती. महिना संपायच्या आत ती बाजू हिरवी पाहिजे, नाहीतर माझ्या कराराचं पुढे काय ते बघावं लागेल, म्हणाले. नऊ वर्षं मी करारावरच आहे.

आमच्या धंद्यात याच्यावर एक उपाय आहे आणि तो सगळ्यांना ठाऊक असतो. अँटेनाचं तोंड थोडं खाली झुकवायचं. लांबचे फोन मग टॉवरला लागतच नाहीत. जो कॉल लागलाच नाही तो तुटणार कसा? आकडा सुधारतो. नियमाच्या भाषेत त्याला कव्हरेजची शिस्त म्हणतात, आणि शहरात ते बरोबरही असतं, कारण तिथे लांबच्या माणसाला दुसरा टॉवर जवळ असतो. ह्या गावाला दुसरा टॉवर नव्हता. आम्ही सोडून बाकीच्या कंपन्यांचं तर तिथे नावच नको.

आता टॉवरवर माणूस चढवावा लागत नाही. मी भंडाऱ्यात माझ्या खोलीवर, बनियनवर बसून, लॅपटॉपवरून ते तोंड दोन अंश खाली केलं. मला बांबू आठवला. मावशीही आठवली. मी स्वतःची समजूत घातली की ही माणसं हुशार आहेत, दुसरी जागा शोधतील, चार पावलं इकडेतिकडे होतील. तिथे चार पावलांनी काही होणार नाही हे मला चांगलं कळत होतं, नकाशा माझ्यासमोरच उघडा होता. मी थकलो होतो. एवढंच कारण आहे माझ्याकडे, आणि ते कुणालाही सांगायच्या लायकीचं नाही.

तीन दिवसांत ती बाजू हिरवी झाली. सोमवारी साहेबांनी माझं नाव घेऊन कौतुक केलं. त्या भागातून तक्रारीही येईनाशा झाल्या, हे त्यांनी खास सांगितलं. तक्रार करायला आधी फोन लागावा लागतो.

मार्चमधे दुसऱ्या कामासाठी त्याच रस्त्याला लागलो. ड्रायव्हर म्हणाला, "सर, मावशीचे झिंगे घेऊन घेऊ का?" मी नको म्हणणार होतो. त्यानं विचारता विचारताच गाडी आत वळवली होती.

पाळीवर चपला नव्हत्या. बांबूजवळ एक पोरगी मांडीवर जाळं घेऊन फाटलेल्या जागी गाठी मारत बसली होती. अंगावर शाल, मार्चमधेही. मी विचारायच्या आधीच मला कळलं की ही कोण आहे.

"तुमी रेंजवाले ना?" ती म्हणाली. "आई सांगत होती."

मी विचारलं, तू इथे कशी. तिनं काही आढेवेढे न घेता सांगितलं. जानेवारीच्या शेवटी थंडीत तिचं दुखणं उठलं होतं. "आईले रोज सांजेले लावून राहिली होती मी. दहा-दहादा लावला. फोनमधली बाई तेच म्हने, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. मी म्हटलं, आईले काही झालं का? त्या काळजीनंच जास्त दुखलं असन." इकडे बाप दोन संध्याकाळी बांबूजवळ बसला. तिसऱ्या दिवशी सायकलनं नाकाडोंगरीला जाऊन त्यानं फोन लावला, तर तिचा बंद. तेव्हा ती दवाखान्यात होती. बाप तसाच बसमधे बसून भंडाऱ्याला गेला. पोरगी वॉर्डात सापडली, सलाईन लावलेली. दोन दिवसांनी तिला घेऊन तो गावी परत आला.

मी गाडीकडे गेलो. गावात माझ्याही फोनला रेंज नव्हती, लॅपटॉप कशाला जोडणार? डांबरी रस्त्यापर्यंत परत यावं लागलं. तिथे गाडीच्या बोनेटवर लॅपटॉप ठेवून मी ते तोंड होतं तसं वर केलं. परवानगी घेतली नाही. मला दोन मिनिटं लागली.

परत गेलो तेव्हा मावशी बाजारातून आली होती. मी तिला म्हटलं, फोन ठेवून बघा. तिनं बाटलीतली धूळ पदरानं पुसली आणि फोन ठेवला. थोड्या वेळानं दोन काड्या आल्या.

"आली वो," ती पोरीला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "मशीन बिघडली होती का, साहेब?"

हाव म्हणालो असतो तर चाललं असतं. तिनं मला पुन्हा झिंगेही दिले असते. "बिघडली नव्हती, मावशी," मी म्हटलं. "मीच बंद केली होती. इथले कॉल तुटत होते, ते वर खराब दिसत होतं. म्हणून."

तिला ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"तुमाले पोरीचं मालूम होतं ना? म्याच सांगितलं होतं."

"हाव."

"तुटत होते तर आमी पुना लावत होतो ना, बाबू. आमी कदी तक्रार केली का?"

मी पोरीकडे वळलो. मी पोरीला म्हटलं, आता कॉलेजात फोन लाव, मी बोलतो, चूक माझी आहे असं सांगतो. ती गाठ मारता मारता म्हणाली, "लावला होता नाकाडोंगरीवरून. हजेरी नाही भरली, नाव कमी केलं त्यायनं. बाबा म्हनते, झालं ते झालं." तिच्या आवाजात राग नव्हता. तो आवाज माझ्यापेक्षाही थकलेला होता, आणि तिचं वय एकोणीसही नसेल.

मावशी अजून बांबूजवळच उभी होती. फोनमधल्या काड्या दोनाच्या तीन झाल्या; साग बोडका झालेला, मधे अडवायला पानंच नव्हती. ती त्या बघत राहिली.

"चांगली रेंज आहे," ती म्हणाली. "पोरगी तर घरीच आहे. आता मी कोनाले लावू?"