पहिल्या ओळीतले दोन शब्द

सांगलीच्या ज्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवायचो, तिथे एकच मोडेम होता आणि त्याचा ताबा माझ्याकडे होता. तो मी आईसाठी वापरला. दादाला अमेरिकेत जाऊन पाच वर्षं झाली होती. त्याचे कागद अडकलेले. एकदा निघाला तर परत घेतील याची खात्री नाही, म्हणून तो येत नव्हता. आई साताऱ्याजवळच्या आमच्या गावात, चुलतीच्या आधाराने राहायची. घरी फोन नव्हता. दर रविवारी मी गावी जायचो आणि सोमवारी सांगलीला येऊन आईची खबर एका वेबपानावर टाकायचो. मराठी फॉन्ट दादाला फ्लॉपीवर धाडला होता. तो रोज पान उघडून बघायचा.

पानं तयार करायला मी एक शेल स्क्रिप्ट लिहिली होती, वीसेक ओळींची. मी साधा मजकूर लिहायचा. ती त्याचं पान करायची, पहिल्या ओळीतले पहिले दोन शब्द उचलून अनुक्रमणिकेत सर्वांत वर लावायची आणि सगळं सर्व्हरवर चढवायची. आधी अनुक्रमणिका, मग पान. दोनच शब्द का? तर रकाना अरुंद होता आणि मी आळशी होतो. ‘ऊस तुटला’, ‘म्हैस व्याली’, ‘पाहुणे आले’, झकास दिसायचं! मी स्वतःवरच खूश होतो.

त्या सोमवारी बातमी मोठी होती. गुडघ्यांनी आईला ओट्यावर खिळवून ठेवलं होतं, ती रविवारी माझा हात धरून अंगणात उतरली आणि म्हशीच्या पाठीवर हात फिरवून आली. “त्येला कळीव,” म्हणाली. मी लिहिलं: ‘आई गेली दोन वर्षं पायरी उतरली नव्हती. काल उतरली.’ स्क्रिप्ट चालवली. अनुक्रमणिका गेली, आणि पान जाता जाता लाइन तुटली. होईल उद्या, म्हणून खोलीवर गेलो.

दुसऱ्या दिवशी रस्ता खोदणाऱ्यांनी केबल तोडली आणि कॉलेजचे सगळे फोन मुके झाले. गुरुवारी लाइन आली. राहिलेलं पान चढवण्याआधी मी सहज अनुक्रमणिका उघडली. सर्वांत वर लिहिलं होतं: ‘आई गेली’.

त्यावर क्लिक केलं, तर पान सापडत नाही. दादाच्या तीन मेल येऊन पडल्या होत्या, तिन्हींत एकच ओळ: फोन उचल. धावत एसटीडी बूथ गाठला. दादाचा नंबर लावला, तर त्याच्या खोलीतला जोडीदार म्हणाला, तो काल निघाला. वर हिंदीतून मलाच धीर द्यायला लागला, आईचं दुःख मोठं असतं म्हणाला. ती जिवंत आहे हे त्याला सांगता सांगता मी बूथमध्येच रडलो. विमानातल्या माणसाला कोण सांगणार? ज्या कागदांसाठी त्याने पाच वर्षं दात आवळून काढली, ते माझ्या दोन शब्दांपायी टाकून तो निघाला होता. एसटीत कराड येईपर्यंत मी स्क्रिप्टला शिव्या घातल्या, कराडनंतर स्वतःला. ‘गेली’ कुठली, हे स्क्रिप्टला काय कळणार? मला कळायला हवं होतं.

आईला काय सांगू? कॉम्प्युटरवर तू मेलीस म्हणून? दादा येतोय, एवढंच म्हटलं.

“खरं व्हय रं?” म्हणाली, आणि शुक्रवारी सकाळपासून खालच्या पायरीवर येऊन बसली.

त्याला वाटेतच गाठावं म्हणून मी फाट्यावर जाऊन उभा राहिलो. प्रत्येक जीपमध्ये डोकावत होतो. दुपारी चुलती पळत आली. दादा घरी पोचला होता, मागच्या वाटेने. तो आधी ओढ्याकाठी, स्मशानात गेला होता. तिथे राखही सापडली नाही, तेव्हा तिकडून घरी आला.

मी पोचलो तेव्हा तो अंगणात उभा होता. बॅग खाली पडलेली. डोक्यावर एक केस नव्हता. आई त्या डोक्याकडे बघत होती.

“कोण गेलं रं?” तिने विचारलं.

दादाने तिच्या मांडीत तोंड घातलं आणि तो ओक्साबोक्शी रडला. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं: दोन शब्द, तुटलेली लाइन, माझा आळस. त्याने मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मरणाची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं, असं काहीतरी चुलती म्हणाली.

आई बराच वेळ त्याच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत राहिली.

“पाच वर्सं वाट बगितली तुजी,” ती म्हणाली. “मी मेल्यावर येनार हुतास व्हय? मग मला कसा दिसला असतास?”