माझी मुलगी आळ्या पाळते

माझी मुलगी स्कॉटलंडमध्ये माशीच्या आळ्या पाळते. आमच्या जुळे सोलापूर भागात हे मला मोठ्यानं सांगता येत नाही. शेजारणीची मुलगी बँकेत, समोरच्यांची सॉफ्टवेअरमध्ये, आणि आमची एवढं शिकून सवरून आळ्यांना भुसा घालते!

माशी दिसायला छान आहे म्हणे, काळी आणि शेपटाकडं केशरी. तिच्या आळ्या पाइनच्या कुजक्या बुंध्यात, पाणी साचलेल्या पोकळीत वाढतात. पण लाकडासाठी झाडं म्हातारी व्हायच्या आतच तोडतात, सडकी खोडं उचलून जंगल चकाचक करतात. मग आळ्यांनी राहायचं कुठं? आता त्या जातीच्या माशा अगदी थोड्या उरल्यात. म्हणून मुलगी आणि तिचे सहकारी आळ्या बरण्यांमध्ये वाढवून माशा परत जंगलात सोडतात. रोज व्हिडिओ कॉलवर ती बरणी कॅमेऱ्याला लावायची. "आई, ही बघ, कशी गुटगुटीत झालीय!" मी पोळ्या लाटता लाटता नाक मुरडायची आणि ती खो खो हसायची.

गेल्या महिन्यात बार्शीहून पाहुणे आले, तिच्या स्थळासाठी. तिला घाई नव्हती. माझ्या हट्टापायी ती बोलायला तयार झाली होती. पोहे झाले, फोन लावला. मुलाच्या आईंनी कौतुकानं विचारलं, "तिकडं काम काय करतीस गं बाळा?"

तिचा चेहरा खुलला. तिनं बाजूला हात घातला. बरणी येणार, हे मी ओळखलं.

"औषधांवर संशोधन करते," मीच मध्ये बोलले. "लई मोठी लॅब हाय तिची."

तिचा हात तिथंच थांबला. मग ती शांतपणे म्हणाली, "हो, औषधांवरच."

ती खोटं बोलत नाही. लहानपणी मार खाल्ला, पण खोटं बोलली नाही. त्या दिवशी चार परक्या माणसांत माझी अब्रू राखायला बोलली. तिचं काम मला लाजिरवाणं वाटतं, हे तिला त्या क्षणी कळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

स्थळाचं पुढं काही झालं नाही. तिचा फोन अजून रोज येतो. सोलापुरातलं ऊन, माझे गुडघे, भाजीला काय केलं, सगळं विचारते, पण बरणी दाखवत नाही.

परवा मला राहवेना. "आळ्या कशा आहेत गं तुझ्या?" मी म्हटलं.

"बऱ्या आहेत," ती म्हणाली. "तू गोळी घेतलीस का?"