रूथ देवाशी बोलत राहिली

शेवटच्या भेटीत रूथने मला गायला लावलं. मुलुंडच्या आमच्या इमारतीत एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दारांत आमचं अर्धं आयुष्य गेलं. त्यामुळे माझ्या गळ्यात सूर नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. "मला तुमच्या चर्चमधली गाणी कुठे येतात गं?" मी सुटका करून घ्यायला पाहिलं. "मग तुझी आई शेतात भात लावताना म्हणायची ते गा. ह्यांना चाल सापडली की येतात मागून." आजाराने तिचा आवाज पार खोल गेला होता, पण हुकूम सोडायची पद्धत शाळेतल्या बाईंचीच. मी गायले, बेसूर आणि भीतभीत... आणि खिडकीशी बसलेले तिचे यजमान प्रभाकरभावोजी, ज्यांना साधं 'पाणी' म्हणता येत नव्हतं, ते माझ्यामागून गुणगुणायला लागले. रूथ डोळे मिटून ऐकत होती. "जमेल तुला," एवढंच म्हणाली. पुढच्याच आठवड्यात एका सकाळी तिच्या मुलीने, सोनलने, आमचं दार वाजवलं. रूथ गेली होती.

रूथ मूळची नगरकडची, चर्चच्या पाळकाच्या घरात वाढलेली. भांडुपच्या शाळेत मराठी शिकवायची आणि रविवारी आमच्या भागातल्या मराठी चर्चमध्ये गायनमंडळ चालवायची. नाताळाच्या आधी तिच्या घरात इतकी तालीम चाले की गाणी आमच्या सगळ्या मजल्याला पाठ व्हायची. प्रभाकरभावोजी ट्रॉम्बेला नोकरीला होते. गप्पिष्ट माणूस, लिफ्टमध्ये भेटले तरी विनोद सांगायचे आणि तो संपेपर्यंत आम्ही लिफ्टचं दार धरून उभे. ते निवृत्त झाले आणि वर्षभरातच, पेपर मोठ्याने वाचून दाखवत असताना, एका वाक्याच्या मध्यावर थांबले. अर्धांगवायूचा झटका होता. काही महिन्यांनी पाय सावरला, पण वाचा गेली. समोरच्याचं सगळं कळायचं, स्वतःचं मात्र काही सांगता यायचं नाही. एक शब्द तेवढा उरला, 'बरं'. भूक लागली तरी बरं, चिडले तरी बरं.

भेटायला येणारी माणसं आपल्या परीने धीर द्यायची. कोणीतरी म्हणालं, देव आपल्या लाडक्या लेकरांचीच परीक्षा पाहतो. रूथने चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "मग दुसरं कोणी लाडकं असतं तरी मला चाललं असतं." तिने गायनमंडळ सोडलं. चर्चला जाणं मात्र सोडलं नाही. भावोजींना घेऊन जायची, मागच्या बाकावर बसायची आणि सगळे गायला उभे राहिले की तीही उभी राहायची, ओठ घट्ट मिटून. चर्चच्या मंडळीत कुजबुज झाली. एक दिवस पाळकसाहेब घरी आले. आता उपदेश होणार म्हणून ती तयारीतच बसली होती. ते भावोजींचा हात धरून बराच वेळ नुसते बसले आणि उठताना म्हणाले, "बाई, गावंसं वाटत नसेल तर गाऊ नका. तुम्ही येऊन बसता ना, पुष्कळ आहे. तोवर तुमच्या वाटचं आम्ही गातो." ते गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि झटक्यानंतर पहिल्यांदाच रडली.

पुढे हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्टने तिला विचारलं, यांना कुठली गाणी आवडायची? बोलणं गेलं तरी कधीकधी गाणं शिल्लक असतं, रोज त्यांच्यासोबत गाऊन बघा. रूथ घरी आली ती धुसफुसतच. "दुसरं काहीही मागितलं असतं तर दिलं असतं गं. नेमकं गाणंच मागायचं होतं?" पण संध्याकाळी तिच्या दारातून आवाज आला. ती गात होती, म्हणजे पाढे म्हणावेत तशी गात होती. रोज ऐकू यायचं. भावोजी नुसते बघत बसायचे. कित्येक आठवडे असेच गेले.

मग एका संध्याकाळी मी तिच्याकडे बिरड्यासाठी वाल सोलत बसले होते. तिने नेहमीचं एक गीत धरलं, त्यांच्या लग्नात म्हटलेलं. पहिली ओळ संपली आणि दुसरी भावोजींनी उचलली. नुसती चाल नाही, शब्द... अख्खे, स्वच्छ शब्द. माझे हात थांबले. रूथ थांबली नाही. थांबली तर ते हरवतील अशी भीती वाटली, असं नंतर म्हणाली. डोळ्यांतून धार लागलेली, आवाज चिरकलेला, पण तिने त्यांना हाताला धरून रस्ता ओलांडून न्यावं तसं शेवटच्या कडव्यापर्यंत नेलं. गाणं संपलं. भावोजींनी आम्हा दोघींकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं." आम्ही तिघंही हसत सुटलो.

"गेला का गं तुझा राग?" मी नंतर विचारलं. "कुठला जातोय? पण रागातसुद्धा गाता येतं हे मला माहीत नव्हतं." भावोजींची वाचा परत आली नाही. चमत्कार वगैरे काही झाला नाही. गाण्यात तेवढी ती दोघं बोलायची. पुढच्या नाताळात गायनमंडळात ती पुन्हा उभी राहिली आणि भावोजी तिच्या शेजारी.

मग तिचं स्वतःचं दुखणं निघालं, स्वादुपिंडाचं, आणि फार उशिरा कळलेलं. मंडळीतल्या बायका बरं होण्यासाठी प्रार्थना करायला यायच्या. ती मनापासून त्यांच्यात बसायची. मी एकदा न राहवून विचारलं, इतकं मागून तो नाही म्हणाला तर? "मागते तर रोज. मला जगायचंय गं, ह्यांना सोडून जायचं नाहीये. पण तो नाही म्हणाला तरी मी बोलचाल बंद करणार नाही. एकदा करून बघितली, माझंच घर सुनं झालं." आणि मग ती व्यवस्थेला लागली. कुठल्या संध्याकाळी भावोजींसोबत कोण गाणार हे तिने एकेकाला घरी बोलावून ठरवलं. गायनमंडळातली माणसं, पाळकसाहेबांची बायको आणि गुरुवारी मी. मी दर गुरुवारी जाते. अजून बेसूरच गाते.

तिची एक गोष्ट सांगायची राहिली. जेवायच्या आधी ती जी प्रार्थना करायची, तिच्यात आधी तक्रार असे. आज अमुक झालं ते मला आवडलं नाही, असं देवाला सरळ सांगून टाकायची आणि मग ताटातल्या अन्नाबद्दल आभार मानायची. ती गेल्यापासून त्या टेबलावर कोणी मोठ्याने प्रार्थना केली नव्हती. गेल्या गुरुवारी सोनलने मला जेवायला थांबवून घेतलं. आमटी वाढून झाली. सगळे घुटमळत होते. मग सोनलने डोळे मिटले.

"देवा, आई नाही हे आम्हाला अजिबात आवडलेलं नाही..." ती थांबली. आता पुढे जमत नाही असं मला वाटलं. "या जेवणाबद्दल आभार. आणि मीनामावशी आली त्याबद्दलही."

मी डोळे उघडणार, इतक्यात भावोजी म्हणाले, "आमेन."