मोठ्या भावाले दगड केलं तवा

शाळा मी बाहेरूनच पाह्यली, तरी गल्लीनं मले मांत्रिक केलं. महाराष्ट्र तवा नवानवाच झालता. मोताळ्याच्या बाजारात मी हाक देल्ली का बैल दचकत, एवढंच माहं शिक्षन.

आमच्या गावात धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी वरची गल्ली आनि खालची गल्ली मूठ खेळत. म्हनाले खेळ, पन डोके खरेच फुटत. सारे तुराट्यांनं, तुरीच्या वाळल्या काड्याइनं, मारत. मांत्रिकाच्या हाती मात्र काठी नाई, होळीची राख. त्यानं मंतर पुरा म्हनून राख फेकली आनि ज्याच्या अंगावर पडली तो दगड. दगडानं बसाचं, हलाचं नाई, कितीबी मार पडो. हलला तं त्याची गल्ली हरली.

बाकीचे नियम खेळाचा पंच, गावातला एक म्हातारा, पारावर सांगून राह्यला होता, तवा मी त्याच्या बोळक्या तोंडाची नक्कल करून राह्यलो होतो. लोक लय हसले.

खेळ सुरू झाला. मोठा भाऊ मले वाचवाले सामने उभा. मी मंतर म्हनला, राख फेकली. वाऱ्याकडं पाह्यलंच नाई. सारी राख भावाच्या पाठीवर.

भाऊ तिथंच उकिडवा बसला. "काय केलं बे भैताडा?"

खालच्या गल्लीचं आमच्याशी बांधावरून जुनं वैर. दगड झालेला मानूस आयताच सापडला. त्याइनं तुराट्या फेकल्या आनि गाड्यांच्या बाजूचे जाड दांडे, उभाऱ्या, उपसल्या. पहिली उभारी खांद्यावर बसली, वाळली फांदी मोडावी तसा आवाज आला. दुसरी डोक्यावर. रगत कानावरून सदऱ्यात उतरलं. भाऊ हलला नाई.

"ऊठ ना भाऊ, मारतीन तुले!"

"उठलो तं गल्ली हरते. सोडव मले."

"कसं?"

"पारावर सांगतलं तवा कुठं मेलता?"

म्हातारा पारावरून बोंबलला, "हात लाव त्याले! त्याचं दगडपन तुह्यावर ईन!"

म्हंजे मार मी खाचा. पाय पळाले तयारच होते. तिसरी उभारी भावाच्या टाळक्यावर येऊन राह्यली होती. मी पुढं झालो आनि भावावर पडलो. खरं सांगतो, रगतावरून घसरलो. लोक अजून म्हनते, काय उडी मारली! उभारी मह्या तोंडावर बसली, सामनेचे दात गेले.

भाऊ उठला. त्यानं तेच लाकूड हिसकलं, मारनाऱ्याचं मनगट मोडलं, आनि सारी खालची गल्ली नाल्यापार हानत नेली.

मी दगड. तोंडातून रगताची धार. म्हाताऱ्याले इचारलं, "आता मले कोन सोडवन?"

"मांत्रिकाचाच हात."

"मांत्रिक तं मीच हाव ना!"

"मंग बस."

भाऊ नाल्याकून आला, डोक्याले धोतराची चिंधी, एक हात लोंबकळत, पन जिता. जवळ येऊन त्यानं मह्या कमरेत लात हानली.

"पाहू बे, हलतं का आमचं भैताड?"

मी हललो नाई.