पट्ट्यातला काटा

वडिवळ्याच्या पंचक्रोशीत कुणाच्या टाचेत काटा मोडला, की तो लंगडत डोंगरातल्या वाडीवर गंगीकडे जायचा. पन्नाशी उलटलेली काटकुळी बाई. सुई, चिमटा आणि शिंगात भरलेलं करंजाचं तेल एवढाच तिचा दवाखाना. जीभ मात्र सुईहून टोकदार. विव्हळणाऱ्या गड्याला ती विचारायची, काटा काढायला आलास की बाळंत व्हायला? तो हसेपर्यंत काटा तिच्या तळहातावर आलेला असे.

दुसऱ्या महायुद्धाची ती वर्षं. देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला लागलेली पोरं पायात चपला घालून फिरू लागली, आणि गंगीकडची गर्दी पातळ झाली. ते तिच्या मनाला लागलं होतं. रिकाम्या हातांचं करायचं काय, हेच तिला कळत नव्हतं.

त्या वैशाखात रखमाजीच्या कस्तुराचं लग्न निघालं. नवरदेव सोपान डेपोतच कामाला. अक्षता पडल्या, पानं वाढली आणि नवरदेव रीतीप्रमाणे रुसून बसला. मनगटावर घड्याळ आल्याशिवाय तो घास घेणार नव्हता, आणि नवरदेवाने घास घेतल्याशिवाय पंगतीने जेवायचं नाही हे तर ठरलेलंच. रखमाजी निर्धास्त होता. लोणावळ्याचा बंगला सोडून निघालेल्या एका साहेबाचं घड्याळ त्याने आणून ठेवलं होतं, पिनांसकट नवा पट्टाही आणला होता. पट्टा बदलायचा म्हणजे बैलाचं दावं बदलण्याएवढंच काम, असा त्याचा अंदाज.

एका बाजूची पिन निघाली. दुसरी निघेना. साहेबाच्या घामाने आणि लोणावळ्याच्या चार पावसाळ्यांनी ती गंजून बसली होती. महिपती सोनाराने ती चिमट्यात धरून दातओठ खात ओढली. पिन जिथे अडकते त्या घड्याळाच्या कानावर ओरखडा उठला, पण पिन जागची हलली नाही. भात निवत चालला, वऱ्हाडी कुजबुजू लागले. रखमाजीने स्वतः ओढून पाहिलं. पिनेला काय म्हणतात हेही त्याला सुचेना. "ह्यो काटा काय निघंना बाबा," तो मोठ्याने करवादला. मांडवामागे चुलीपाशी असलेल्या नवरीच्या भावाने, बजरंगने, तेवढंच ऐकलं आणि काही न विचारता वाडीकडे धूम ठोकली.

घटकाभरात तो गंगीला घेऊन हजर झाला. तेलाचं शिंग सावरत तिने विचारलं, "कुनाच्या पायात?"

रखमाजीने तिच्यापुढे घड्याळ धरलं. मांडवात खसखस पिकली. बजरंगचं तोंड बघण्यासारखं झालं. गंगीला वाटलं, आपली थट्टा करायला बोलावलं. ती तणतणत माघारी वळली. नवरीची आई विठाबाई आडवी आली. पंगत उपाशी उठेल, एकदा बघून तरी जा, म्हणून तिने हात धरला, तेव्हा कुठे गंगी बसली.

तिने घड्याळ डोळ्यांशी नेलं. तास-मिनिटं तिला वाचता येत नव्हती, पण दुखणं ओळखीचं निघालं. आधी तिने तो सडका पट्टाच कापून टाकला. साहेबाचं चामडं म्हणून तोवर कुणी त्याला सुरी लावली नव्हती. पिन उघडी पडली. मग निखाऱ्यावर कोमट केलेलं तेल तिच्या दोन्ही टोकांना थेंब थेंब सोडलं आणि गंगी स्वस्थ बसून राहिली. महिपती म्हणाला, आता ओढ की. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सुईच्या बुडाने घड्याळाचा कान हलके हलके ठोकला.

"सोनारदादा, तुमी समदे भाईर वढता. रुतलेला काटा आदी आत दाबायचा, मंग त्यो भाईर येतो."

कानाच्या बाहेरच्या अंगाला बारीक भोक होतं. त्यातून पिनेचं टोक दिसत होतं. गंगीने त्यावर सुई टेकवून दाबली. पिनेच्या पोटात स्प्रिंग असते, हे तिला कुठून ठाऊक? टोक कुरकुरलं, आत सरकलं, आणि पिन टुणकन उडून रखमाजीच्या पागोट्यात जाऊन बसली. मांडव हसला, आणि या वेळी गंगीही पोट धरून हसली. किती दिवसांनी तिला आपल्या हातांचं कौतुक वाटलं. नवा पट्टा बसवायला तिला एक क्षण पुरला.

घड्याळ सोपानच्या मनगटावर आलं. वाडीवरची माणसं गावाच्या लेखी हलक्या जातीची; त्यांनी पंगतीला बसायचं नाही, घरी नेऊन खायचं, अशी गावची रीत. विठाबाईने भात आणि लापशी बांधून दिली आणि गंगी मागच्या बाजूने निघालीही. ते पाहून सोपानने उचललेला घास पुन्हा पानावर ठेवला. रखमाजी धावत आला. आता काय, सायकल पायजे का, त्याने विचारलं.

"सायकल नगं. डेपोत आमी समदी एका बाकड्यावर जेवतो. मावशीचं पान हितं माज्या म्होरं मांडा, मंग मी घास घेतो."

रीत मोडते म्हणावं, तर नवरदेवाचा रुसवा काढायचा ही पण रीतच. विठाबाईने कुणाकडेही न बघता पत्रावळ उचलली आणि मांडली. गंगी अंग चोरून बसली. भल्याभल्यांच्या टाचा धरणारा तिचा हात पानाकडे जाईना. सोपान हळूच म्हणाला, "मावशी, आदी तुमी."

गंगीने घास घेतला, आणि दोनशे माणसं जेवायला लागली.